वडिलांना आणि भावाला हार्टचा त्रास, म्हणून माझा प्रीमियम दीडपट. हे बरोबर आहे का?

घाटमाथा (सातारा)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी ३७ वर्षांचा. बायको, दोन मुलं, होमलोन चालू, म्हणून एक कोटीचा टर्म प्लॅन घ्यायचं ठरवलं. सिगरेट नाही, तंबाखू नाही, दारू नाही, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतो. कंपनीने मेडिकल केलं, त्यात टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) नॉर्मल, शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी सगळं रेंजमध्ये. फॉर्मवर एक प्रश्न होता की आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकार झालाय का. मी खरं ते लिहिलं. वडिलांना ४९ व्या वर्षी अटॅक आला होता (आज ते बरे आहेत, शेतात जातात) आणि मोठ्या भावाला ४४ ला स्टेंट टाकलाय. दोघेही आयुष्यभर तंबाखू खाणारे, हेही खरं.

आता कंपनीचं पत्र आलंय की पॉलिसी देऊ पण ५० टक्के लोडिंग (नेहमीच्या प्रीमियमवर जादा रक्कम) लावून. कारण फक्त फॅमिली हिस्टरी.

माझ्याच वयाचा एक मित्र आहे, वजन ९४ किलो, जिना चढला तरी धाप लागते, त्याला त्याच कंपनीने साध्या रेटने पॉलिसी दिली कारण त्याच्या घरात कोणाला काही नाही आणि रिपोर्ट कसेबसे रेंजमध्ये आले. त्याचं वाईट व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. पण माझं शरीर तपासलं, त्यात काही सापडलं नाही, तरी निकाल लागला तो माझ्या घरच्यांच्या शरीरावरून, हे मला पटत नाही.

हाच प्रकार वहिनीच्या भावाच्या बाबतीत. तो वकील आहे, सिबिल ७९०, एकही हप्ता चुकलेला नाही, तरी पर्सनल लोन नाकारलं. कागदावर काही दिलं नाही, तोंडी सांगितलं की वकील, पोलीस, पत्रकार हे आमच्याकडे निगेटिव्ह प्रोफाइलमध्ये येतात, वसुलीला त्रास होतो. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी वकिलाने हप्ते बुडवले म्हणून याला कर्ज नाही.

मला एजंटची तक्रार करायची नाहीये. मला मुळातलं विचारायचंय. बाकीच्या हजार लोकांचं काय झालं यावरून माझ्याशी कसं वागायचं हे ठरवणं न्यायाचं आहे का? आणि असेल तर कुठपर्यंत?

---

प्रपोजल_डेस्क (ठाणे)

मी लाइफ इन्शुरन्सच्या अंडररायटिंगमध्ये (कोणाला कुठल्या रेटने विमा द्यायचा ते ठरवण्याच्या कामात) बरीच वर्षं काम करतोय, तुमची कंपनी कुठली ते विचारत नाही आणि सांगूही नका. तुमचा राग समजतो पण एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. लोडिंग म्हणजे तुम्हाला अटॅक येणार असं कोणी म्हणत नाहीये. तुम्ही ज्या गटात बसता त्या गटातले क्लेम किती येतात यावर ती किंमत आहे. विमा कंपनीला तुमच्या एकट्याबद्दल काहीच सांगता येत नाही, कोणालाच येत नाही, लाखभर माणसं एकत्र घेतली की मगच आकडा स्थिर होतो आणि त्यावरच पूर्ण धंदा उभा आहे. आपल्याकडे विमाधारकांच्या मृत्यूदराचं जे टेबल वापरतात (सध्याचं २०१२ ते १४ च्या अनुभवावर बेतलेलं आहे) त्यात तुमचं नाव नसतं, वय असतं. वयावरून जास्त प्रीमियम घेतला तर कोणी चिडत नाही. का? पन्नाशीतले लाखो लोक ठणठणीत असतातच की. तिथेही आपण गटावरूनच माणसाला मोजतो.

आणि सगळ्यांना एकच रेट लावला तर काय होतं तेही बघा. ज्यांना स्वतःची रिस्क कमी आहे हे माहीत आहे त्यांना तो रेट महाग वाटतो, ते घेत नाहीत. राहतात ते जास्त रिस्कवाले, मग क्लेम वाढतात, रेट आणखी वाढतो, आणखी लोक बाहेर पडतात. शेवटी विमा कोणालाच परवडत नाही.

तुमच्या केसमध्ये काय करता येईल ते सांगतो, कारण ते जास्त कामाचं. पहिलं, लोडिंगचं कारण लेखी मागा आणि फेरविचार करायला सांगा, त्यात वडील आणि भाऊ दोघांच्या तंबाखूचा उल्लेख डॉक्टरांच्या कागदासकट जोडा. दुसरं, दुसऱ्या कंपनीकडे अर्ज करा, प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, एकाकडे ५० टक्के लागलं ते दुसऱ्याकडे २५ किंवा शून्यही होऊ शकतं. पण नवीन फॉर्मवर विचारतात की आधी कुठे लोडिंग लागलंय का, तिथे खरं लिहा. हे लपवू नका, हात जोडून सांगतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर प्रश्न उचलता येत नाही हे खरंय, पण त्या तीन वर्षांत काही झालं आणि माहिती लपवल्याचं निघालं तर घरच्यांना क्लेमसाठी दारोदार फिरावं लागतं. तुमच्या बायकोला त्या रांगेत उभं करू नका.

---

घाटमाथा

धन्यवाद दादा, फेरविचाराचं पत्र आजच लिहितो. वयाचा मुद्दा बरोबर आहे पण वय सगळ्यांना येतं ना, आज मित्र ३७ चा तसा उद्या ५० चा होणार, सगळे त्याच वाटेने जाणार. वडील मात्र प्रत्येकाचे वेगळे. आणि टीएमटी कशासाठी केली मग? माझी स्वतःची तपासणी हातात असताना घरच्यांचं काय बघायचं?

---

आकडेमोड (पुणे)

कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, म्हणून तुमच्या शेवटच्या वाक्यावर थांबते, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. टीएमटी ही "तुमची" तपासणी आणि फॅमिली हिस्टरी हा "आकडा" अशी विभागणी तुम्ही केलीत. पण टीएमटी नॉर्मल आली म्हणजे काय? तर ज्यांची नॉर्मल आली होती अशा आधीच्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना पुढे त्रास झाला. तोही गटाचाच आकडा आहे. नॉर्मल टीएमटीनंतर अटॅक आलेली माणसं असतात आणि खराब टीएमटीनंतर काहीच न झालेलीही असतात. तुम्ही रोज किल्ला चढता त्यामुळे तुमची रिस्क कमी असं तुम्हाला वाटतं ते सुद्धा चालणाऱ्या इतर लोकांकडे बघूनच. म्हणजे आकड्याने तोलू नका, माणूस म्हणून बघा ही मागणी ऐकायला बरोबर वाटते पण आकड्याच्या पलीकडचा माणूस कोणाच्याच हातात नसतो, डॉक्टरच्याही नाही. तपासण्या सगळ्या नॉर्मल असल्या तरी घरातल्या आजाराने थोडी जास्तीची माहिती मिळते, म्हणून ते विचारतात.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. "दीडपट रिस्क" हा शब्दच माणसाला घाबरवतो. उदाहरणासाठी आकडे घेऊ, हे खरे नाहीत, फक्त हिशोब कळावा म्हणून. समजा तुमच्या वयाच्या १००० निरोगी माणसांपैकी पुढच्या वीस वर्षांत ३० जातात, आणि घरात आजार असलेल्या १००० पैकी ४५. रिस्क दीडपट झाली. पण वीस वर्षांनी जिवंत किती? ९७० आणि ९५५. दोन्ही गट जवळजवळ सारखेच की! ९५५ लोकांनी जादा पैसे भरले ते ४५ जणांसाठी, आणि ते ४५ कोण हे आधी कोणालाच माहीत नव्हतं. विमा कंपनीसाठी ३० आणि ४५ मधला फरक खरा आहे कारण तिला बेरीज सांभाळायची असते. पण तोच आकडा घेऊन कोणी तुम्हाला म्हणालं की तुम्ही "हार्टवाले" आहात, तुम्हाला नोकरी देत नाही, मुलगी देत नाही, तर तो त्या आकड्याचा सरळ गैरवापर झाला, कारण त्यांना बेरजेशी काही घेणं नसतं, त्यांच्यासमोर एकच माणूस असतो आणि तो बहुतेक करून त्या ९५५ मधलाच असतो.

अजून एक. वडील आणि भाऊ तंबाखू खायचे हे तुम्ही लिहिलंत. त्यांचा आजार रक्तातून आला की तंबाखूतून हे फॉर्मला कळत नाही. फॉर्मवर "किती वर्षी झाला" एवढंच विचारलंय. आकडा वापरायलाच हरकत नाही, पण अर्धवट माहितीचा आकडा वापरून पूर्ण माहितीसारखी किंमत लावली तर तक्रार करायचा तुमचा हक्क आहे.

---

ओवी_नागपूर

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आमच्या क्षेत्रात (नाव घेत नाही) इंटरव्ह्यूला लग्न झालंय का, मुलं कधीचा प्लॅन आहे हे आडून आडून विचारतातच. २०१७ ला मॅटर्निटी लीव्ह १२ वरून २६ आठवडे झाली तेव्हापासून तर जास्तच. मला एका ठिकाणी तोंडावर सांगितलं की "बायका तिशीत सोडून जातात, आमचा अनुभव आहे". अनुभव खोटा नसेल, जात असतीलही. पण त्या का जातात? त्याच कायद्यात पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं असं आहे, ते किती ठिकाणी आहे? आधी सोय करायची नाही, मग बायका सोडतात म्हणून मोजायचं, मग त्या मोजणीवर पुढच्या बाईला घ्यायचं नाही.

हेही सांगते की मला टर्म प्लॅन नवऱ्यापेक्षा स्वस्त मिळाला, बायका जास्त जगतात म्हणून. त्यामुळे गटावरून मोजणं नेहमी वाईट असं मी म्हणणार नाही. पण नोकरी आणि विमा एका पारड्यात टाकू नका. विमा महाग पडला तर मी दुसरीकडून घेईन. सगळ्या कंपन्यांचा "अनुभव" सारखाच असेल तर नोकरी कुठून आणू?

---

रानवाट (अहिल्यानगर)

घाटमाथा दादा, तुमचा प्रश्न "कुठपर्यंत?" असा आहे ना, त्याचं उत्तर आमच्याकडे रोज दिसतं.

मी पारधी मुलांच्या वसतिगृहात काम करतो. १८७१ साली इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्स अॅक्ट आणला, त्यात जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची सोय होती. माणसांची नावं रजिस्टरात, कुठेही जायचं तर पास, पोलिसांसमोर हजेरी. १९११ च्या कायद्याने ते सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरलं. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तो भाग अजून सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. तेव्हाच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं काय होतं? हेच, की या लोकांत चोरीचं प्रमाण जास्त आहे, आमच्याकडे नोंदी आहेत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आम्ही अजून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तो कागदावर माणसाचे स्वतःचे गुन्हे बघणारा, जात न बघणारा. गावात मात्र चोरी झाली की पहिली गाडी पालावर येते ती येतेच.

मी बघितलेला एक मुलगा सांगतो, नाव-गाव देत नाही. बारावी झाला, पुण्याच्या बाजूला कंपनीत लागला. आडनाव कळल्यावर खोली मिळेना, शेवटी एकाने दिली. त्या भागात गंठण ओढून नेल्याची घटना झाली आणि याला उचलून नेला, दोन रात्री ठेवला, मग सोडला. गुन्हा दाखल नाही, काही नाही. पण तेवढ्यात नोकरी गेली, खोली गेली. परत आला तेव्हा मला म्हणाला, सर, मी काय केलं असतं म्हणजे त्यांनी मला सोडलं असतं? मला याचं उत्तर देता आलं नाही, कारण त्याने करण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही तंबाखू खात नाही, किल्ला चढता, त्याचा थोडा तरी परिणाम प्रीमियमवर होतो. याने काहीही केलं तरी परिणाम शून्य.

आकडेमोड ताईंना एक विचारायचंय. ज्या वस्तीत पोलीस रोज जातात तिथेच सापडतील ना लोक? दुसऱ्या आळीत जातच नाहीत तर तिथला चोर नोंदीत येणार कसा? मग त्या नोंदीवरून "प्रमाण जास्त" म्हणायचं आणि पुन्हा त्याच वस्तीत जायचं. तुमच्या शास्त्रात याला उत्तर आहे का? मी मनापासून विचारतोय.

सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये दोनदा यावर बोट ठेवलं. मे महिन्यात दिल्लीतल्या एका हिस्टरी शीटच्या (पोलीस एखाद्यावर नजर ठेवायला उघडतात त्या नोंदीच्या) केसमध्ये सांगितलं की मागास आणि विमुक्त समाजातल्या निरपराध माणसांच्या हिस्टरी शीट यांत्रिकपणे उघडल्या जातात, ते थांबलं पाहिजे, राज्यांनी आपले नियम तपासावेत. मग ३ ऑक्टोबरला तुरुंगातल्या जातीवरच्या कामवाटपाचा निकाल आला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. त्यात विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणारे जेल मॅन्युअलमधले नियम घटनाबाह्य ठरवले आणि जेलच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. २०२४! कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाल्यावर.

---

आकडेमोड

रानवाट सर, उत्तर आहे, पण ते तुमच्याच बाजूचं आहे. तुम्ही जे सांगताय तिथे मोजणीच बिघडलेली आहे. आपल्याला मोजायचा असतो गुन्हा, हातात असते ती अटक. अटक कुठे होते हे पोलीस कुठे जातात त्यावर ठरतं. असा डेटा कितीही जमवला तरी तो सुधारत नाही, उलट चूकच जास्त पक्की होते. हृदयविकारात असं होत नाही, लोडिंग लावल्यामुळे कोणाची रक्तवाहिनी बंद पडत नाही. पारध्यांच्या बाबतीत (आणि ओवीताईंच्या नोकरीतही) आकड्यावरून जे वागणं होतं तेच पुढचा आकडा तयार करतं. खोली मिळत नाही, नोकरी टिकत नाही, पोलीस सतत येतात, आणि मग म्हणायचं बघा हे स्थिर नसतात.

अमेरिकेत हे कॉम्प्युटरवर झालं. जामीन आणि शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मदत म्हणून कॉम्पास नावाचं सॉफ्टवेअर वापरलं जायचं, हा माणूस पुन्हा गुन्हा करेल का याचा स्कोअर देणारं. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या संस्थेच्या पत्रकारांनी फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचे सात हजारांवर स्कोअर तपासले. ज्यांनी पुढे दोन वर्षांत काहीही केलं नाही अशा लोकांत काळ्या माणसांपैकी ४४.९ टक्के लोकांना जास्त रिस्कचं लेबल लागलं होतं आणि गोऱ्यांपैकी २३.५ टक्के लोकांना. कंपनीचं उत्तर होतं की आमचा स्कोअर दोन्हीकडे सारखाच खरा ठरतो, म्हणजे जास्त रिस्क म्हटलेल्यांपैकी पुन्हा पकडले जाणाऱ्यांचं प्रमाण काळ्या-गोऱ्यांत साधारण सारखंच आहे. गंमत म्हणून नाही सांगत, पण दोघांचंही गणित बरोबर होतं. दोन गटांत मुळातलं प्रमाण वेगळं असेल तर हे दोन्ही प्रकारचे न्याय एकाच स्कोअरमध्ये एकत्र बसत नाहीत, हे नंतर अनेकांनी गणिताने सिद्ध करून दाखवलं. म्हणजे कुठला न्याय हवा हे माणसांनीच ठरवायचं, ते कॉम्प्युटरवर ढकलता येत नाही. आणि पुन्हा तेच, "पुन्हा गुन्हा" म्हणजे तिथेही मोजली होती ती पुन्हा अटकच.

त्याच वर्षी तिथल्याच विस्कॉन्सिन राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्कोअर वापरा पण शिक्षा फक्त त्याच्या जोरावर ठरवू नका. मला हे अपुरं वाटतं. लाल अक्षरात "हाय रिस्क" छापलेला कागद समोर ठेवायचा आणि त्याकडे फार लक्ष देऊ नका म्हणायचं, हे कुठल्या माणसाला जमेल?

---

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये असतो, मूळचा मिरजेचा. इथल्या दोन गोष्टी घाटमाथाच्या प्रश्नाशी अगदी जवळच्या आहेत म्हणून टाकतो.

पहिली गाडीच्या विम्याची. तरुण मुलं जास्त अपघात करतात म्हणून त्यांना जास्त आणि मुलींना कमी प्रीमियम असायचा. मार्च २०११ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की स्त्री-पुरुष बघून विम्याचे दर लावायचे नाहीत, २१ डिसेंबर २०१२ पासून ते लागू झालं. लक्षात घ्या, आकडा चुकीचा आहे असं कोर्ट म्हणत नव्हतं. अपघाताचा आकडा खराच होता. तरी काही खऱ्या गोष्टी सुद्धा किंमत ठरवायला वापरायच्या नाहीत असं समाज ठरवू शकतो. मुलींची सवलत गेली, त्या नाराज झाल्या, तेही समजण्यासारखं आहे. मग कंपन्या गाडीचं मॉडेल, व्यवसाय, पत्ता यावरून दर लावतात आणि फरक काही प्रमाणात मागच्या दाराने येतोच.

आता इथे तरुणांना एक पर्याय असतो, गाडीत ब्लॅक बॉक्स बसवायचा, तो वेग, ब्रेक, रात्री किती वाजता चालवता हे सगळं नोंदवतो. नीट चालवलं तर प्रीमियम उतरतो. म्हणजे "मला गटावरून नको, माझ्यावरून मोजा" ही मागणी पूर्ण झाली. माझ्या पुतण्याने तो लावलाय. पण त्याचा अर्थ कंपनी चोवीस तास त्याच्या मागे बसलेली. माझ्यावरूनच मोजा म्हणताना ही किंमतही डोळ्यासमोर असू द्या. उद्या तुमची विमा कंपनी म्हणाली मनगटावर घड्याळ बांधा, तुम्ही किल्ला खरंच चढता का ते बघतो, तर चालेल का?

दुसरी गोष्ट मला खरी सांगायची होती. इथे चाळिशीनंतर सरकारी आरोग्यसेवेत तपासणीला बोलावतात. जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) क्यूरिस्क नावाच्या हिशोबात तुमची माहिती भरतो, आणि त्यात हाच प्रश्न आहे, अगदी हाच, सख्ख्या नात्यात कोणाला साठीच्या आत हृदयविकार झालाय का. शिवाय वंश आणि पोस्टकोड सुद्धा. भारतीय असलो म्हणून माझा आकडा वाढतो. दहा वर्षांची रिस्क १० टक्के किंवा वर गेली की डॉक्टर स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल) बोलतात. मला त्या वंशाच्या रकान्याचा कधी राग आला नाही, कारण त्या रकान्यामुळे माझ्याकडे लवकर लक्ष गेलं. तोच प्रश्न, तेच उत्तर, पण एकीकडे त्यामुळे माणसाला मदत मिळते आणि एकीकडे बिल वाढतं. प्रश्न विचारण्यात अन्याय नाही, पुढे काय करता त्यात आहे असं माझं मत. आणि घाटमाथा, विमा बाजूला ठेवून आधी स्वतःसाठी एखाद्या चांगल्या कार्डिओलॉजिस्टला भेटून या. घरात ४४ ला स्टेंट म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, टीएमटी नॉर्मल असली तरी.

---

प्रपोजल_डेस्क

रानवाट सरांची पोस्ट वाचून लगेच लिहायला जमलं नाही. तुम्ही सांगितलेलं आणि आमचं काम एका नावाखाली यायला नको हे मान्य. आमच्याकडे कारण लेखी मागता येतं, दुसरी कंपनी असते, लोकपाल असतो, कोणाचं स्वातंत्र्य जात नाही.

पण आमच्या क्षेत्राला पूर्ण मोकळं सोडू नका असंही सांगतो. हेल्थ इन्शुरन्समध्ये "जेनेटिक डिसऑर्डर" वगळण्याचं एक कलम सर्रास असायचं, हृदयाचा आजार झाला तरी तो आनुवंशिक म्हणून क्लेम नाकारायचे. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते फार ढोबळ आणि भेदभाव करणारं ठरवलं, त्यानंतर विमा नियामकाने त्या कलमावर क्लेम नाकारू नका असं कंपन्यांना कळवलं. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टातही गेलं. उद्या जीन टेस्ट स्वस्त झाल्या की हा प्रश्न दसपट मोठा होणार, तेव्हा फॉर्मवर वडिलांचं वय विचारणार नाहीत, थेट रिपोर्ट मागतील.

आणि मी पहिल्या पोस्टमध्ये एकच रेट लावला तर विमा मोडतो असं लिहिलं, ते स्वेच्छेने घेतलेल्या मोठ्या रकमेच्या विम्याबद्दल आहे. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत १८ ते ५० वयाच्या सगळ्यांना वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं कव्हर, मेडिकल नाही, वडिलांचं कोणी विचारत नाही. अठरा वर्षांचा आणि पन्नास वर्षांचा एकच हप्ता भरतात. ते चालतं कारण बँकेच्या खात्यातून लाखो लोक एकदम येतात आणि रक्कम लहान आहे. म्हणजे कोणाची रिस्क कोणी वाटून घ्यायची हे आपणच ठरवत असतो. किमान कव्हर सगळ्यांना एकाच दराने आणि त्याच्या वरचं ज्याच्या त्याच्या रिस्कप्रमाणे, असं असावं हे माझं वैयक्तिक मत आहे, ऑफिसचं नाही.

वकील असलेल्या नातेवाइकाबद्दल: व्यवसायावरून सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही. सिबिल आहे, परतफेडीचा इतिहास आहे, म्हणजे त्याची स्वतःची माहिती समोर असताना ती बाजूला ठेवून गटाकडे बघितलं. तुमच्या केसपेक्षा ही जास्त वाईट आहे. त्यांनी कारण लेखी मागावं, बँकेच्या तक्रार निवारणाकडे जावं, तिथे नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

---

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, इतकं नीट कोणी समजावेल असं वाटलं नव्हतं. फेरविचाराचा अर्ज केलाय, भावाच्या डॉक्टरांचं पत्र जोडलंय ज्यात तंबाखूचा उल्लेख आहे. दुसऱ्या कंपनीतही फॉर्म भरतोय, सगळं खरं लिहून. कार्डिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात. लोडिंग राहिलंच तर भरेन, मुलांसाठी घ्यायचाच आहे. तरी कंपनीने निदान एवढं करावं असं मला वाटतं, की आकडा लावताना काय बघितलं आणि काय नाही बघितलं हे सांगावं, आणि माणसाने नवीन माहिती दिली तर ती वाचावी.

रानवाट सर, त्या मुलाचं आता काय चाललंय? आणि दोन रात्री ठेवलं त्याबद्दल काही करता येतं का?

---

रानवाट

सध्या गावाकडे सेंट्रिंगच्या कामावर जातो. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायला हवं होतं, घरच्यांना कळवायला हवं होतं, दोन्ही झालं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो होतो, अनुसूचित जमातीला वकील मोफत मिळतो, अर्ज दिलाय. त्याच्या नावाने कुठे हिस्टरी शीट उघडली आहे का हे माहिती अधिकारात विचारणार आहोत. पुणे भागात त्याला खोली देईल असं कोणी ओळखीचं असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, भाडं वेळेवर देण्याची जबाबदारी माझी. आयटीआय फिटर आहे, काम येतं त्याला.

---

आकडेमोड

व्यनि केलाय, सर. चिंचवडला आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत, वरची खोली रिकामी आहे. त्यांच्याशी बोलले, आडनाव सांगूनच बोलले. रविवारी मुलाला घेऊन या म्हणाले.